आक्का, टाकी भरायची राहिली

आक्का, तुमची गाडी आमच्या अंगणात उभी आहे. काल सकाळी मीच धुतली. तुम्ही धुवायचात तशी नाही जमली, काचेवर ओघळ राहिलेत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, म्हशीवर पाणी मारल्यासारखं काय मारतीस गं मालन. ड्रायव्हरच्या सीटवरची तुमची गोधडी उन्हात घातली, झटकली आणि घडी करून परत तिथंच ठेवली. ती नसली तर तुम्हाला बोनेटच्या पलीकडचं दिसायचं नाही. नाक्यावरची माणसं लांबून बघायची आणि म्हणायची, गाडी तर येतीय पण आत कुणीच नाय. जवळ आल्यावर मग तुमचा अंबाडा दिसायचा.

लोक भेटायला येतायत. वय किती होतं, कसं झालं, शेवटाला कोण होतं जवळ, असं सगळं विचारतात. मी सांगते. चहा ठेवते. पण मला बोलायचं असतं गाडीच्या ॲव्हरेजबद्दल, आणि ते कुणाशी बोलणार? भेटायला आलेल्या माणसापुढं ॲव्हरेज काढलं तर म्हणतील, नणंद गेली आणि हिच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणून तुमच्याशीच बोलते. तुम्हाला दुसरं काही ऐकायलाही आवडलं नसतं.

भावोजी रिटायर झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा सगळे हसले होते. दोन माणसांचं घर, लेक सुनिता कोल्हापूरला दिलेली, मग एवढी लांबलचक डिकीवाली कशाला? भावोजी म्हणाले, सासरमाहेर सगळं एका गाडीत बसलं पाहिजे. बिचाऱ्यांनी जेमतेम वर्षभर चालवली आणि गेले. त्यांचं बारावं झालं त्या दुपारी तुमच्या खालापूरच्या ओटीवर पुरुष मंडळी बसली आणि तुमच्या गाडीचं काय करायचं ते त्यांनी ठरवून टाकलं. सगळ्यांत मोठा आवाज आमच्या ह्यांचा. तुमचा सख्खा भाऊ. म्हणाले, "इकून टाक आक्का. पेट्रोल पिणारी गाडी हाय ती. तुला काय करायची?" गिऱ्हाईकसुद्धा आणून ठेवलं होतं, इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीत उभं.

तुम्ही उठलात, गाडीत जाऊन बसलात आणि काचा वर घेतल्यात. ते गिऱ्हाईक गाडीभोवती फिरलं, टायर बघितले, तुमच्याकडं बघितलं, काचेवर टकटक केली आणि निघून गेलं. मी चहा घेऊन आले तर तुम्ही काच वीतभर खाली केलीत, कप आत घेतलात आणि परत काच वर. मला वाटलं, दुःखानं असं करतायत. मागनं कळलं की तुम्ही तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसला होतात आणि पायानं चाचपून क्लच कुठला नि ब्रेक कुठला ते बघत होतात.

ह्यांनी शिकवायला साफ नाही म्हटलं. आयुष्यभर टेंपो चालवलेला माणूस, पण बहिणीला शिकवायचं म्हटलं की म्हणे म्हातारपणी थेरं सुचतायत. मग तुम्ही कर्जतला क्लास लावलात. तरण्या पोरींच्या ओळीत तुम्ही नऊवारीत. तुम्हीच सांगितलंत ना, तिथला मास्तर पहिल्या दिवशी तुम्हाला आजी म्हणाला आणि आठवड्यानं बाई म्हणायला लागला. लायसन्स हातात आलं त्या दिवशी गाडी घेऊन थेट आमच्या दारात. मला म्हणालात, बस पुढं.

आक्का, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. गाडीत पुढच्या सीटवर मी जन्मात पहिल्यांदा बसले ती तुमच्या शेजारी. तोवर आम्ही बायका कायम मागं. मांडीवर पोरं, पायात पिशव्या, आणि समोर नवऱ्याची मान. बोरघाटातनं मी किती वेळा गेले असेन, पण घाट म्हणजे मला पिशवीत तोंड घालून बसायची जागा. तुमच्या शेजारी बसले तेव्हा कळलं की घाटाला कडे आहेत, झाडं आहेत, खाली दरीत घरं दिसतात. आणि मला ओकारी आली नाही. तुमची गाडी कधी हिसका देत नव्हती.

म्हणायचात, पायाखाली पापड ठेवलाय असं समजायचं. ॲक्सिलेटर दाबायचा तो पापड न मोडता. खालापूरचा टोलनाका दिसायच्या कितीतरी आधी तुम्ही पाय काढून घ्यायचात. गाडी आपली आपण हळू होत जायची, ब्रेक जवळजवळ लागायचाच नाही. तुम्ही सांगायचात, ब्रेक मारला म्हणजे पेट्रोल रस्त्यावर ओतलं. हायवेला डावी लेन धरायची, काटा ऐंशीवर ठेवायचा आणि कंटेनरच्या मागनं लांब अंतर ठेवून चालायचं. आपल्याच नात्यातली पोरं बाजूनं सुसाट जाताना काच खाली करून ओरडायची, आक्का, बैलगाडी हाणताय का? तुम्ही हात दाखवायचात, जावा बाबांनो. आणि घाटाच्या वर ती सगळी चहाच्या टपरीवर भेटायचीच. फार पुढं कुणी गेलेलं नसायचं.

सगळं कशासाठी, तर ॲव्हरेजसाठी. तुम्ही म्हणायचात हायवेला गाडी लिटरला बावीस देते. हे म्हणायचे अठराच्या वर जाणार नाही. एवढी जड गाडी बावीस देत नसते, आमी काय नुसत्या माश्या मारल्या का इतकी वर्षं? गाडीच्या समोरच्या काचेखाली आकडा दाखवतात त्यावर तुमचा विश्वास नव्हता. ती गाडी स्वतःच स्वतःचं कौतुक सांगते, तिचं काय धरायचं, म्हणायचात. तुमची रीत एकच. चौक गावाजवळचा ठरलेला पंप, टाकी फुल करायची ती पहिल्या कटपर्यंत, म्हणजे नळी आपोआप बंद पडेल तिथवर, मग वर थेंब नाही. मीटर शून्यावर. फिरून यायचं, त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं, आणि जेवढं पेट्रोल बसलं त्यानं किलोमीटरला भागायचं. हिशोब तुम्ही तोंडीच करायचात. येऊन आकडा सांगितलात की हे म्हणायचे, कुणी बघितलंय? तूच भरलीस, तूच मोजलीस.

आणि तो न्यूट्रलचा वाद. टेंपोवाल्यांची सगळ्यांची खोड, घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची, म्हणजे पेट्रोल वाचतं. तुम्ही म्हणालात, उतरणीला गाडी गेअरमध्येच ठेवायची, पाय काढून घ्यायचा, मग नव्या गाडीला पेट्रोल लागतच नाय. ह्यांनी ताटावरून उठून हसून घेतलं. "गाडी काय वाऱ्यावर चालती का रं?" असं शेजाऱ्याला हाक मारून विचारलं. तुम्ही भात कालवत राहिलात. क्लासच्या मास्तरनी सांगितलं होतं तुम्हाला, पण त्याचं नाव तुम्ही घेतलं नाहीत. एवढंच म्हणालात, करून बघ दत्तू. ह्यांनी कधी करून बघितलं नाही.

मी तेव्हा काय करत होते? मी उठून आत जायची. वाद लागला की मला चुलीवरचं काहीतरी आठवायचं. मी शेजारी बसून गेलेली असायची, तुम्हाला भरताना बघितलेलं असायचं, आकडा ऐकलेला असायचा. मी नुसतं म्हणू शकले असते, अहो, खरं हाय, मी होते तिथं. पण मला वाटायचं हा बहीणभावांचा खेळ आहे, अठरा काय नि बावीस काय. शिवाय घरात मला राहायचं होतं. आणि खरं सांगू का, मला त्या डिकीचा राग होता. सुनिताकडं जायचं म्हटलं की मी तांदूळ, वाल, नारळ, लोणच्याची बरणी असं काढून ठेवायची आणि तुम्ही निम्मं परत ओटीवर ठेवायचात. वजन नको. मी म्हणायची, माणसं मोठी का ॲव्हरेज मोठं? तुम्ही हसायचात फक्त. आता वाटतं, त्या हसण्याच्या मागं काय आहे ते मी एकदा तरी विचारायला हवं होतं.

विचारलं नाही तरी तुम्ही सांगितलंत. त्या शेवटच्या खेपेला कोल्हापूरला निघालो तेव्हा. पंपावर टाकी भरत होती, तुम्ही मला हाताला धरून खाली उतरवलंत आणि नळीपाशी उभं केलंत. बघ, म्हणालात, कट झालं, वर थेंब नाय. मीटर शून्य केलेलं दाखवलंत. "आता तू साक्षीदार. दत्तू तुझं तरी ऐकंल." मी म्हटलं, आक्का, एवढं काय हाय त्या आकड्यात? तुम्ही गोधडी सारखी करत होतात. माझ्याकडं न बघताच म्हणालात, "ज्या दिवशी ही गाडी पेट्रोल प्यायला लागंल ना मालन, त्या दिवशी तुमी सगळी मला परत ओटीवर बसवाल."

तुमी सगळी. त्यात मी आले हे मला साताऱ्यापर्यंत टोचत होतं. मग तुम्ही गाणं म्हणायला लागलात आणि मी विसरले.

काय गेलो ना आपण आक्का. एसी लावलात म्हणून मी भांडले, खिडकी उघडली की हवा अडते नि पेट्रोल जास्त लागतं म्हणून तुम्ही भांडलात, मग ठरलं की गावातनं जाताना खिडकी माझी आणि हायवेला एसी तुमचा. सुनितानं निघताना गुळाची ढेप आणून ठेवली. मला वाटलं, आता ही परत ठेवणार. तुम्ही ढेपेकडं बघितलंत, लेकीकडं बघितलंत आणि डिकी उघडलीत. लेकीनं दिल्याचं वजन धरायचं नसतं, म्हणालात. सुनिता आता रडते ती तेच वाक्य सांगून.

परत येताना संध्याकाळ झाली. काटा खाली आला होता, म्हणजे एकाच टाकीत कोल्हापूर जाऊन येऊन झालं होतं. चौकच्या पंपावर पोचलो तर ट्रकांची ही रांग. तुम्ही रांगेत गाडी लावलीतसुद्धा. माझे पाय सुजले होते, पाठ गेली होती. मी म्हटलं, आक्का, उद्या भरू, आज घरी चला. तुम्ही रांगेकडं बघितलंत, माझ्या पायांकडं बघितलंत. बरं, म्हणालात, उद्या. उद्या दत्तूलाच घेऊन येऊ, डोळ्यांनी बघू दे. आणि गाडी रांगेतनं काढलीत. रात्रीचा मुक्काम आमच्याकडंच केलात. ह्यांनी ताटावर बसल्या बसल्या विचारलं, किती दिली? तुम्ही म्हणालात, उद्या पंपावर ये, तिथं सांगते.

सकाळी चहा घेता घेता तुम्ही कप खाली ठेवलात आणि म्हणालात पित्त झालंय. तोंडावर घाम. मग हात दुखायला लागला. तुमचीच गाडी दारात होती. मी मागं बसले, तुमचं डोकं मांडीवर घेतलं आणि ह्यांनी गाडी काढली पनवेलकडं. तुमच्या मापानं सीट एवढी पुढं ओढलेली, ह्यांचे गुडघे स्टेअरिंगला लागत होते, पण सीट मागं घ्यायलासुद्धा थांबले नाहीत. काटा लाल रेघेवर. थांबणं भागच होतं. तोच पंप. आता रांगबिंग काही नव्हती. पोऱ्यानं विचारलं, किती? ह्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, पाचशेचं टाका दादा, लवकर.

तुमचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं तुम्हाला काही कळत नाहीये. तुम्ही माझं बोट दाबलंत.

"फुल कर गं."

मी म्हटलं, "गप पडा आक्का."

एवढंच. फुल करायला अजून किती लागलं असतं, दोन मिनिटं? आणि त्या दोन मिनिटांनी काही झालं नसतं, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. पण ती दोन मिनिटं मी तुम्हाला दिली नाहीत. त्यानंतर तोंडावर मास्क, मग आतली खोली, काचेतनं बघायचं. तुम्ही परत बोलला नाहीत. म्हणजे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं काय, तर गप पडा. चाळीस वर्षं झाली, भावजय मी तुमची. लग्न होऊन आले तेव्हा भाकरी थापायला तुम्ही शिकवलंत, माझी दोन्ही बाळंतपणं तुम्ही काढलीत, पुढच्या सीटवर तुम्ही बसवलंत. आणि मी म्हटलं, गप पडा.

तो आकडाही गेला. दवाखान्याच्या त्या दिवसांत गाडी कुणी कुणी फिरवली, कुणी पाचशेचं टाकलं, कुणी हजाराचं. कुणाचा तरी हात लागून मीटर शून्य झालं. कोल्हापूरची सगळी वाट, ती ऐंशीची चाल, तो न मोडलेला पापड, सगळं कुठंतरी सांडून गेलं. कितीही मनात आणलं तरी आता ते मोजता यायचं नाही. तुमचं म्हणणं खरं ठरायला एक टाकी तेवढी भरायची राहिली होती.

परवा तुमच्या अस्थी घेऊन आळंदीला गेलो. गाडी हेच चालवत होते, मी पुढं, मांडीवर गोधडी आणि गोधडीवर कलश. सुनिता मागं. खालापूरचा टोलनाका दिसला आणि ह्यांनी लांबूनच पाय काढला. मला वाटलं, रडू येतंय म्हणून हळू झाले असतील. पण पुढं डावी लेन धरली ती सोडेचनात. तुम्हाला ह्यांचं हायवेचं चालवणं माहीत आहे, पुढच्या गाडीच्या पाठीला नाक लावून हॉर्न. परवा कंटेनरच्या मागं लांब राहून काटा ऐंशीवर. बाजूनं गाड्या जात होत्या. मी कलश नीट धरून बसले. बोलले असते तर गडी परत उजवीकडं गेला असता.

येताना कलश नव्हता. मांडी मोकळी मोकळी लागत होती. घाट उतरायला लागलो आणि मी ह्यांच्या हाताकडं बघत बसले. चाळीस वर्षं हा हात घाटात न्यूट्रलवर जाताना मी मागच्या सीटवरनं बघत आलेय. हात गेअरवर गेला. तिथंच राहिला. गेअर काढला नाही. पाय काढून घेतला आणि गाडी इंजिनाच्या आवाजावर, धरून ठेवल्यासारखी, घाट उतरली. अख्खा घाट. तुम्ही गाडीत असताना हे एकदा केलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं, आक्का? हे मी त्यांना नाही विचारलं. तुम्हाला विचारते.

चौकच्या पंपावर गाडी घेतली. पोऱ्यानं विचारलं, किती? ह्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. अगदी त्या दिवशीसारखं. मी म्हटलं, फुल करा.

हे खाली उतरले आणि नळीपाशी जाऊन उभे राहिले. पोऱ्याला सांगितलं, पहिल्या कटला सोड, वर थेंब नको. मग आत वाकून मीटर बघितलं. तेव्हा मला कळलं की आदल्या दिवशी संध्याकाळी मला न सांगता बाहेर गेले होते ते इथं आले होते. टाकी भरून, मीटर शून्य करून ठेवलं होतं. आळंदी म्हणजे काही कोल्हापूर नव्हे, एवढ्याशा धावण्यावर आकडा धरू नये, असं तुम्हीच म्हणाला असतात. तरी त्यांनी मोबाइल काढून भागाकार केला. पुन्हा केला. सुनिता मागनं म्हणाली, किती आलं मामा?

"एकवीस," म्हणाले. मग बराच वेळ काच पुसत राहिले. स्वच्छच होती ती. "माझ्या हातात एकवीस देतीय. म्हंजे तिच्या हातात..."

 पोऱ्या पैशाला हात पुढं करून तसाच उभा.

आक्का, आता ओटीवर परत बोलणं चाललंय, गाडीचं काय करायचं. कुणी तरी गिऱ्हाईकही बघून ठेवलंय म्हणे. काल एकजण म्हणाला, पेट्रोल लय खात असंल ही. मी आत चहा आणायला उठले होते. उठलेली परत खाली बसले. म्हटलं, बावीस देते हायवेला. आक्कांच्या हातात बावीस द्यायची, मी होते तिथं, टाकीपाशी उभी. तो हसला आणि ह्यांच्याकडं वळला, आता पुरुषमाणूस खरं काय ते सांगेल म्हणून. हे म्हणाले, ती सांगतीय ते खरं हाय.

एवढं एक वाक्य, आक्का. आमच्या दोघांकडनं मिळून एवढंच तुम्हाला हवं होतं, आणि ते तुम्ही ऐकायला नसताना आम्ही बोललो.

गाडी अंगणात आहे. टाकी फुल आहे, पहिल्या कटपर्यंत. मीटर तिथंच परत शून्य केलं, पंपावरनं घरी आलो तेवढंच चढलंय. गोधडी तुमच्या जागेवर आहे आणि मी पुढच्या सीटवर, डाव्या बाजूला, जाऊन जरा बसून येते. काचा वर घेऊन. चहा नेऊन द्यायला आता कुणी येत नाही, पण मी वीतभर काच खाली ठेवते.